जुनी फोर बाय फोर पिकअप: बघायची खालून, सुधारायचीही खालून

पावसाळ्यात पाणंदीतून शेतापर्यंत जायचं, आंब्याच्या पेट्या बागेतून रस्त्यावर आणायच्या, वस्तीवरून दुधाचे कॅन डेअरीत पोचवायचे, नाहीतर सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा धुंडाळायच्या. या सगळ्याला पुरी पडणारी गाडी म्हणजे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी, पिकअप. नवी घ्यायची तर आकडा झेपत नाही, पण दहा-पंधरा वर्षं चाललेली आवाक्यात येते. नवख्यांची फसगत होते ती इथेच. जुनी होऊन गाडीचा भाव उतरतो, तिच्या खालच्या सामानाचा उतरत नाही. ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या चाकांकडेही वाटणारी पेटी), पुढचं हाउजिंग (पुढच्या ॲक्सलमधली गिअरची पेटी), पुढचा शाफ्ट (तिथवर ताकद नेणारा दांडा) बदलायची वेळ आली की गाडी किती वर्षांची आहे हे दुकानदार विचारत नाही.

म्हणून गाडी खालून बघायची आणि पैसाही खालूनच लावायला सुरुवात करायची. खरेदीला जेवढी रक्कम काढाल, तिचा निदान पाव भाग वेगळा ठेवा. साडेतीन लाखांची गाडी घेणार असाल तर नव्वद हजार ते लाखभर हाताशी हवेत. ते नसतील तर अडीच लाखांची गाडी बघा, किंवा थोडं थांबा.

आधी काम ठरवा

तुमची वाट नुसती खडबडीत असेल, पण चढ नसेल आणि चिखल पंधरा दिवसांचाच असेल, तर मागच्या चाकांवर चालणारी साधी पिकअप चांगल्या टायरांवर तेवढंच काम करते. डिझेल कमी खाते, दुरुस्तीही कमी मागते. फोर बाय फोर लागते ती निसरड्या चढाला, काळ्या मातीला, ओढ्याच्या गोट्यांना आणि भरल्या हौद्याने घसरड्या उताराला. यातलं काही रोजचं असेल तरच पुढे वाचा.

कोणती गाडी

आपल्याकडच्या जुन्या बाजारात खरे पर्याय मोजकेच आहेत. महिंद्राची बोलेरो कॅम्पर आणि बोलेरो पिकअप यांच्या फोर बाय फोर आवृत्त्या, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटाची झेनॉन आणि क्वचित दिसणारी टाटा २०७ ची फोर बाय फोर. २०१६ पासून आलेली इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस यांच्यात उजवी आहे, पण ती अजून स्वस्तात येत नाही.

पहिलीच गाडी असेल आणि गाव तालुक्यापासून लांब असेल, तर माझं मत कॅम्परच्या बाजूने, त्यातही यांत्रिक पंपाचं जुनं डीआय इंजिन असलेल्या कॅम्परच्या बाजूने आहे. ते आवाज करतं, घाटात दमतं, पण कुठल्याही तालुक्याच्या गावातला डिझेल मिस्त्री ते उघडून पुन्हा बसवू शकतो. कॉमन रेल (डिझेलची फवारणी इलेक्ट्रॉनिक्सने सांभाळणाऱ्या) इंजिनांना, म्हणजे गेटअवेच्या २.६ लिटर सीआरडीई आणि नंतरच्या २.२ लिटर एमहॉकला किंवा झेनॉनच्या २.२ लिटर डायकॉरला, ताकद भरपूर आहे आणि हायवेवर ती सुखाची आहेत. मात्र त्यांचे इंजेक्टर आणि सेन्सर तपासायला स्कॅनर लागतो, भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं डिझेलही त्यांना सोसत नाही. गेटअवे आणि झेनॉन या दोन्ही पाच मीटरहून लांब आहेत. कोकणातल्या गडग्यांमधल्या वाटेवर गाडी वळवायची जागा आधी मोजा.

गाडी ठरवण्याआधी जवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन तीनच गोष्टी विचारा: ट्रान्सफर केसची शिफ्ट मोटर (बटण दाबल्यावर फोर बाय फोर लावणारी) मिळेल का, पुढच्या ॲक्सलचा शाफ्ट मिळेल का, पुढच्या हाउजिंगचा क्राउन-पिनियन (आतली गिअरची जोडी) मिळेल का. इंजिन आणि बॉडीचं सामान नेहमीच्या बोलेरो-स्कॉर्पिओत वापरलं जातं, त्यामुळे ते सापडतं. फक्त फोर बाय फोरला लागणारं सामान दुर्मिळ असतं, आणि गाडी महिनाभर उभी राहते ती त्याच्यासाठीच.

कागद

सगळ्यात आधी आरसी बघा आणि गाडी खासगी आहे की मालवाहू, ते वाचा. पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी असेल तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. विम्याचा हिशोबही वेगळा असतो. एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असेल तर मालवाहू परवाना लागत नाही. लायसन्सची काळजी नको. साडेसात हजार किलोपर्यंतची अशी गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला पंधरा वर्षांनी आरटीओत पासिंग करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीत धरूनच बोलणी करा.

परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून विमा, फिटनेस, कर, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलानं बघून घ्या. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला नमुना २९ आणि ३० लागतात. विम्यावर नाव चढवायचा अर्ज चौदा दिवसांत करा. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाकून वाचा, फोटो काढा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंबरभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, त्याला कारण असतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या अनेक गाड्या बाहेरच्या बाजारात उतरल्या. अशी गाडी चांगली असू शकते, पण तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे नमुना २८, इथला कर आणि नवा नंबर एवढं सगळं जमून आलं तरच ती स्वस्त पडते. हरियाणातल्या मंडी डबवालीत बांधलेल्या जीप आणि जीपच्या पिकअप दिसायला फार देखण्या असतात. तिथेही आधी आरसी बघायची आणि तिच्यावरचं मॉडेल समोरच्या गाडीशी जुळतं का ते बघायचं.

पाहणी: जुने कपडे घालून जा

गाडी दिवसा, कोरड्यात आणि इंजिन थंड असताना बघायची. आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोचल्यावर बोनटला हात लावा, गरम लागलं तर विचारा. बरोबर टॉर्च, एक लहान हातोडी, लोहचुंबक आणि अंथरायला पोतं असू द्या.

आधी गाडीखाली जा. पिकअपचा जीव तिच्या चासीत असतो. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर जिथे चासीला जोडलेले असतात तिथे, केबिनच्या मागे हौदा सुरू होतो त्या जागी आणि केबिनच्या रबरी माउंटिंगभोवती हातोडीने हलकेच ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं. गंजून पापुद्रे सुटलेलं असेल तर आवाज बसका येतो आणि चुरा पडतो. किनारपट्टीवरची गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या. मासळी वाहिलेल्या गाडीच्या हौद्यातून खारं पाणी वर्षानुवर्षं चासीवर ठिबकत राहतं. वरून रंग चकाचक आणि आतून मागची चासी पोकळ, हे अशा गाड्यांत नेहमीचं आहे. हौद्यात प्लास्टिकचं लायनर किंवा रबरी मॅट असेल तर ती उचलायला लावा. उचलू देत नसतील तर तिथे गंज आहे असंच धरा. चाकाच्या कमानी आणि दरवाजांच्या खालच्या कडा यांवर चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे.

मग ओव्हरलोडच्या खुणा शोधा. वाळू, विटा, खडी वाहिलेली गाडी स्वतःच सांगते. पाटे सपाट झालेले किंवा उलटे वाकलेले, जादा पाटा घातलेला, बंप स्टॉपचं रबर चेपलेलं. लांब उभं राहून केबिन आणि हौदा यांच्यामधली फट बघा. ती वर-खाली सारखी नसेल तर चासी वाकलेली असण्याची शक्यता आहे. वाकलेल्या किंवा मधोमध वेल्डिंग केलेल्या चासीची गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चासी बदलायची तर नोंदणीपासून सगळं नव्याने उभं करावं लागतं.

आता इंजिन. थंड इंजिन एका-दोन सेल्फमध्ये सुरू व्हायला हवं. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. निळा धूर सतत येत असेल तर ऑइल जळतंय. जोर दिल्यावर दाट काळा येत असेल तर नोझल, पंप, टर्बो किंवा एअर फिल्टर यांपैकी कशाचा तरी दोष आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण फिरवून मोकळं करा आणि तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडत असेल किंवा तिथून भकाभका वाफ येत असेल तर पिस्टन-रिंगा गेल्या आहेत. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं. पाण्यावर तेलकट थर किंवा इंजिन चालवल्यावर सतत बुडबुडे दिसले तर हेड गॅसकेटचं काम निघणार. क्लच बघायला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हळू चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मात्र तशीच रेंगाळली, तर क्लचप्लेट संपली आहे.

फोर बाय फोर जिवंत आहे का

तपासायला शिकण्याआधी ही यंत्रणा कशी चालते ते समजून घ्या. या सगळ्या जुन्या पिकअपमधली फोर बाय फोर ही 'पार्ट टाइम' प्रकारची असते. एरवी इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. त्याला टू-हाय म्हणतात. फोर-हाय लावलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडते. फोर-लोमध्ये त्याच जोडणीला आणखी एक गिअरची घट मिळते, त्यामुळे वेग कमी होतो आणि चाकावरची ओढ अडीच पटींच्या आसपास वाढते.

वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात आणि मागची लहान. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतील तर हा फरक कुठेतरी भरून निघावा लागतो. चिखलात, मुरमात चाक जरा घसरतं आणि तो भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, सगळा ताण शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी धरल्यासारखी झटके देते आणि शेवटी सगळ्यात कमकुवत भाग तुटतो. म्हणून कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर फोर बाय फोर कधीही लावू नका. चुकून लागली आणि निघत नसेल, तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या. ताण सुटतो आणि ती मोकळी होते.

तपासणीही याच तत्त्वावर करायची. गाडी मोकळ्या मातीच्या जागेत न्या, फोर-हाय लावा, डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर लागू द्या आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून सावकाश गोल फिरा. यंत्रणा खरोखर लागली असेल तर स्टिअरिंगला ओढ जाणवते, पुढची चाकं माती खरवडतात. काहीच वेगळं जाणवलं नाही तर दिवा लागूनही उपयोग नाही. मग थांबून, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून फोर-लो लावा आणि पहिल्या गिअरमध्ये चढावर सोडा. दिवा मिणमिणत राहिला तर बटणाच्या गाड्यांत बहुतेकदा शिफ्ट मोटर किंवा तिचे कॉन्टॅक्ट अडकलेले असतात. वर्षानुवर्षं फोर बाय फोर लावलीच नाही की हे होतं.

नवख्यांनी गाडीखाली एक गोष्ट हमखास बघायची: पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे का. डिझेल वाचवायला किंवा आवाज बंद करायला काही मालक तो काढून ठेवतात आणि पुढे तो हरवतो. शाफ्टचे जॉइंट क्रॉस हाताने फिरवून ढिले आहेत का ते बघा. पुढच्या चाकांच्या ड्राइव्ह शाफ्टवरची रबरी बूटं फाटलेली असतील तर आत माती गेलेली आहे. शक्य असेल तर हाउजिंगचा फिलर बोल्ट उघडून बोट घाला. ऑइल दुधाळ आलं तर पाणी शिरलंय, ऑइलमध्ये चमचमणारे कण असतील तर आत दात झिजतायत.

घरी आणल्यावर पहिलं काम: सगळी तेलं

आधीच्या मालकाने काय काय बदललं याच्या सांगण्यावर जाऊ नका. इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं हाउजिंग, ब्रेक ऑइल, स्टिअरिंग ऑइल, एवढं सगळं एकदम बदला. यातली ट्रान्सफर केस आणि पुढचं हाउजिंग बहुतेकांकडून विसरलं जातं. त्या दोन ठिकाणी गाडीचं वय जेवढं तेवढंच जुनं ऑइल सापडू शकतं.

हे काम स्वतः करणार असाल तर एक क्रम पाळा. भरायचा बोल्ट आधी उघडायचा, मग खालचा सोडायचा. वरचा बोल्ट गंजून बसलेला असतो. खालून ऑइल सांडून मोकळं केल्यावर वरचा निघाला नाही, तर गाडी हलवताही येत नाही. ऑइलचा दर्जा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्या. हाउजिंगला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. गिअरबॉक्सला पुस्तिकेने जीएल-४ सांगितलं असेल तर तिथे जीएल-५ ओतू नका, काही जीएल-५ ऑइलं सिंक्रोनायझरच्या (गिअर अलगद बसवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना मारक ठरतात. ट्रान्सफर केसला काही गाड्यांत गिअर ऑइल लागतं, काहींत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल. अंदाजाने भरू नका.

त्याच आठवड्यात ब्रेक. लायनर, पॅड, चाकाचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि हँडब्रेकची केबल. जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात आणि चाक धरून ठेवतात, बाहेरून त्या चांगल्या दिसतात; दहा वर्षांच्या असतील तर न बघता बदला. नंतर पट्टे, रेडिएटरचे होज, बॅटरी आणि अर्थिंगची वायर. मल्टिमीटरवर बंद गाडीला बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीला १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसायला हवी. फोर बाय फोरचे गूढ वाटणारे कितीतरी दोष अर्थिंगची गंजलेली वायर घासून बसवल्यावर निघून जातात.

हे सगळं होईपर्यंत दोन-तीन महिने गाडी जवळपासच्या कामावर चालवा. ठिबकणारं, खडखडणारं, गरम होणारं जे काही असेल ते याच काळात बाहेर येतं.

टायर आणि आपली माती

यंत्रणा नीट झाल्यावर पहिली खरी सुधारणा म्हणजे टायर. चार चाकांना ताकद देऊन उपयोग नाही, जर चार गुळगुळीत टायरांना मातीत धरायलाच काही नसेल. जुन्या टायरवर खाच दिसत असली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांवरचं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागत नाही.

टायर निवडताना जाहिरातीपेक्षा तुमची माती बघा. कोकण आणि पश्चिम घाटात खाली जांभा असतो. वरून लाल चिखलाचा पातळ थर किंवा शेवाळ, आणि त्याखाली कडक, धारदार दगड. तिथे टायरच्या बाजूची भिंत मजबूत हवी. चांगल्या प्रतीचा ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर तिथे उत्तम चालतो. रुंद टायरचा मोह धरू नका, अरुंद टायर वरचा निसरडा थर कापून खालच्या कडक थराला पोचतो.

मराठवाडा, विदर्भ आणि देशावरच्या काळ्या मातीत गोष्ट पूर्ण निराळी. ही माती ओली झाली की टायरच्या खाचांत गच्च बसते, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होतो आणि ऑल-टेरेन असो वा साधा, सारखाच घसरतो. तिथे मोठ्या, मोकळ्या खाचांचा मड-टेरेन टायर लागतो, आणि चाक सावकाश न फिरवता जरा वेगाने फिरवून खाचा मोकळ्या कराव्या लागतात. त्या टायरचा हायवेवर गुरगुराट होतो, तो झिजतोही लवकर आणि ओल्या डांबरावर पकड कमी देतो. म्हणून रोज तीस-चाळीस किलोमीटर डांबर असेल आणि शेत महिन्यातून चार वेळा, तर मी तरी ऑल-टेरेनच घेईन आणि दोन दिवस जोरदार पाऊस झाल्यावर काळ्या रानात गाडी घालणार नाही. काळी माती कमानीतही भरते आणि वाळली की दगडासारखी होते. घरी आल्यावर लगेच पाण्याने काढा, नाहीतर ब्रेकच्या नळ्या घासतात आणि चाक थरथरायला लागतं.

मापाबाबत सांभाळून. २४५/७५ आर १६ (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) ऐवजी २६५/७५ आर १६ घातला तर चाकाचा व्यास ७७४ मिमीवरून ८०४ मिमी होतो, म्हणजे सुमारे चार टक्के वाढ. मीटरवर ८० दिसत असताना गाडी ८३ ने पळते, चढावर गिअर जड होतात, क्लचवर ताण येतो आणि पूर्ण वळणावर टायर कमानीला घासू शकतो. कंपनीने दिलेल्या मापातच राहा. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, त्याच मापाची हवी. चार चाकांत वेगवेगळ्या मापाचे टायर घालून फोर बाय फोर लावली तर सरळ रस्त्यावरही शाफ्टमध्ये ताण साठतो.

टायरइतकाच महत्त्वाचा हवेचा हिशोब. रस्त्यावर कंपनीने सांगितलेली हवा, भरल्या हौद्याला मागे जास्त. खोल चिखलात किंवा रेतीत शिरण्याआधी रिकामी गाडी असेल तर ती २० पीएसआयच्या आसपास आणा. टायर जमिनीवर पसरतो, धरणारा भाग वाढतो आणि जिथे चाकं नुसती फिरत होती तिथून गाडी चालत बाहेर येते. मात्र अशा हवेवर वेग कमी ठेवा, झटक्यात वळू नका आणि डांबर लागताच परत हवा भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा चांगला कंप्रेसर आणि गेज घ्या. हजारो रुपयांच्या दिव्यांपेक्षा हे दोन तुम्हाला जास्त वेळा घरी आणतील.

पाटे, शॉकॲब्सॉर्बर, उंची

रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते आणि पाटे कडक, त्यामुळे ओल्या घाटात मागचं चाक सुटतं. पावसाळ्यात हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर शंभर किलोच्या आसपास रेतीच्या गोण्या नीट बांधून ठेवल्या तर फरक लगेच जाणवतो. पाट्यांची बुशं, शॅकल आणि शॉकॲब्सॉर्बर बदला. वाकलेले पाटे लोहाराकडून ठोकून घेण्यापेक्षा नवे घ्या. उंची वाढवायची घाई करू नका. उंच गाडीचा तोल वळणावर जातो, शाफ्टचे कोन बिघडतात, जॉइंट लवकर जातात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे. लोखंडी बुलबार तर नकोच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. कायदा बाजूला ठेवला तरी धडकेत तो बार पायी चालणाऱ्याच्या जिवावर उठतो.

अडकल्यावर

फोर बाय फोर अडकत नाही, हा समज पहिल्याच पावसात जातो. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये, ताकद सैल चाकाकडे पळते. एक पुढचं आणि एक मागचं चाक अधांतरी झालं की ती दोनच फिरत राहतात आणि गाडी जागेवर. अशा वेळी हँडब्रेक एक-दोन खाचा ओढून सावकाश ॲक्सिलरेटर द्या. फिरणाऱ्या मागच्या चाकाला रोध मिळतो आणि थोडी ताकद दुसरीकडे जाते. नाही जमलं तर थांबा. चाक फिरवत राहिलात तर हाउजिंग जमिनीला टेकतं, आणि मग फावड्याशिवाय गत्यंतर नाही.

गाडीत कायम असावं असं सामान: फावडं, रुंद लाकडी फळी, उंच उचलणारा जॅक, क्षमता छापलेला ओढपट्टा आणि दोन डी-शॅकल. पट्टा फक्त चासीला बोल्टने बसवलेल्या हुकाला लावायचा. बंपरला, ट्रॉलीच्या गोळ्याला किंवा ॲक्सलच्या पाइपला कधीही नाही. गावात मदतीला बहुधा ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाल्या भाऊंना आधीच सांगा की झटका देऊ नका, पट्टा ताणून सावकाश ओढा. तारेच्या दोराने गाडी ओढू नका, तुटलेली तार माणसाला कापत जाते. ओढताना पट्ट्यावर जाड चादर किंवा पोतं टाका आणि बघ्यांना, विशेषतः पोरांना, पट्ट्याच्या दीडपट लांबीपलीकडे उभं करा.

उतारावर पद्धत वेगळी. फोर-लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय काढलेला. इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक दाबून चाकं बांधली गेली तर गाडी घसरगुंडीसारखी सुटते.

पाणी

थांबलेलं पाणी असेल तर आधी काठीने खोली बघा, बंपरच्या खालच्या कडेपेक्षा जास्त असेल तर शिरू नका. एकाच गतीने, गिअर न बदलता पार करा. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत चालवून सुकवा आणि हाउजिंगच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी पाण्यात गेली असेल असं वाटलं तर ऑइल तपासा. ती नळी लांबवून बोनटपर्यंत आणणं ही अगदी थोड्या पैशांत होणारी आणि फार उपयोगी सुधारणा आहे.

वाहत्या पाण्याची गोष्टच वेगळी. फूटभर वाहतं पाणी छोटी मोटार उचलतं, दोन फूट पाणी पिकअपही वाहून नेतं. फरशी पुलावरून, कॉजवेवरून पाणी जात असेल तर गाडी कितीही दमदार असो, अलीकडे थांबा. समुद्राच्या वाळूतही गाडी घालू नका. अनेक ठिकाणी त्याला मनाई आहे, भरती गाडीला वेळ देत नाही आणि खारं पाणी चासीचं काय करतं ते वर सांगितलंच. तसंच जांभ्याच्या सड्यांवरून गाडी फिरवू नका. पावसाळ्यात उगवणारी इवली झाडं तिथल्या बोटभर मातीवर जगतात, चाकाखाली ती माती निघून गेली की ती जागा वर्षानुवर्षं उघडी राहते.

त्यानंतरच दिवे

पिवळट दिव्यांचं कारण बहुतेकदा वायरिंग असतं. बॅटरीपासून थेट जाड वायर आणि रिले बसवून घेतला तर कंपनीचेच दिवे लखलखीत लागतात. समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारे एलईडी बार लावू नका. हौद्यावर ताडपत्रीसाठी पक्के हुक, फाळक्याची मजबूत साखळी आणि सामान बांधायच्या कड्या यांवर पैसे घाला.

महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही लावून थोडं अंतर चालवा, म्हणजे मोटर अडकत नाही आणि पुढच्या भागातलं ऑइल फिरत राहतं. शाफ्टच्या निपलना दर पाच हजार किलोमीटरला आणि प्रत्येक चिखलाच्या दिवसानंतर ग्रीस मारा. पावसाळा संपला की चासी धुऊन, सुकवून गंजरोधक फवारून घ्या, हँगरच्या आतल्या बाजूंसकट. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवून तीत तारीख, किलोमीटर आणि काय बदललं ते लिहीत जा. पुढच्या मिस्त्रीला तीच पहिली दाखवायची.